अवकाश विज्ञान शाळेत रुजवायचं, तर सुरुवात स्टाफरूमपासून

बालभारतीची आतापर्यंत वापरात असलेली विज्ञानाची पुस्तकं काढा आणि अनुक्रमणिका बघा. सहावीला ‘विश्वाचे अंतरंग’, सातवीला ‘तारकांच्या दुनियेत’, आठवीला ‘ताऱ्यांची जीवनयात्रा’, नववीला ‘अवकाश निरीक्षण : दुर्बिणी’, दहावीच्या पहिल्या भागात ‘अवकाश मोहिमा’. पाचही धडे आपापल्या पुस्तकात सगळ्यात शेवटी. शेवटच्या धड्याचं काय होतं ते शिक्षकांना सांगायला नको. फेब्रुवारी उजाडलेला असतो, सराव परीक्षांचे गठ्ठे तपासायचे असतात आणि अख्खं आकाश दोन तासिकांत ‘वाचून घ्या, स्वाध्याय लिहून आणा’ करत उरकतं. तिकडे २३ ऑगस्टला राष्ट्रीय अवकाश दिन साजरा करायचा म्हणून सूचना येते, रॉकेटची चित्रं काढून होतात, फोटो ग्रुपवर पडतात, झालं.

मुलांना आकाशाची गोडी लावावी लागत नाही, ती असतेच. गाडं अडतं ते मोठ्यांपाशी. विज्ञानाच्या सरांनी काहीतरी ठरवलेलं असतं, आणि बाकीच्या शिक्षकांना ते कळतं आदल्या दिवशी, तेसुद्धा त्यांचा तास गेल्यावर. मग गणिताच्या मॅडम नाराज, शिपाईमामांना मैदानाचे दिवे बंद करायचे आहेत हे ठाऊकच नाही, आणि पुढच्या वर्षी सर म्हणतात, जाऊ दे, कोण करणार हे सगळं. म्हणून या लेखात दुर्बिणीच्या आधी स्टाफरूम येते.

जूनमध्ये : धडा जागेवरून हलवा

वार्षिक नियोजन लिहितानाच अवकाशाचे धडे पुढे ओढा. दहावीला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे, त्यात मुक्तिवेग, म्हणजे पृथ्वीच्या ओढीतून सुटायला लागणारा वेग, येतो. ‘अवकाश मोहिमा’ त्याला लगटून घेतला, तर तो जुलै-ऑगस्टमध्ये संपतो आणि २३ ऑगस्टला मुलांकडे बोलायला काहीतरी असतं. चांद्रयान-३ ने १४ जुलै २०२३ ला उड्डाण केलं आणि ते २३ ऑगस्टला उतरलं. मध्ये चाळीस दिवस का गेले, अमेरिकेच्या अपोलो यानांना तर चार दिवस पुरले होते, हा प्रश्न गुरुत्वाकर्षण ताजं असताना विचारला तर वर्ग पेटतो. नववीचा दुर्बिणींचा धडा प्रकाशाच्या परावर्तनाला जोडून घ्या. सातवीचा ताऱ्यांचा धडा मात्र डिसेंबरातच हवा. पावसाळ्यात तो शिकवून उपयोग नाही.

हे करण्याआधी पर्यवेक्षकांशी बोला. घटक चाचणीचा अभ्यासक्रम धड्यांच्या क्रमाने ठरलेला असतो, आणि दुसऱ्या तुकडीचे शिक्षक जुन्याच क्रमाने गेले तर पेपर काढताना भांडण ठरलेलं.

स्टाफरूमचा कागद

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पुढच्या महिन्याचा एक कागद स्टाफरूमच्या फलकावर लावा. एकच पान. त्यात ज्ञान नको, कोणाकडून काय हवंय तेवढंच हवं. सप्टेंबरचा कागद साधारण असा दिसेल :

‘२३ सप्टेंबर, दिवस-रात्र समान. आठवी-अ दुपारी १२.१० ते १२.४० मैदानावर. चौथा तास देशपांडे मॅडमचा, बदली तास शनिवारी दिला आहे. पी.टी.च्या सरांकडून मोजपट्टी टेप आणि चुन्याची फक्की. ढग असतील तर २४ किंवा २५ ला. पालकांनी विचारलं तर : सावली मोजतो आहोत, ग्रहण वगैरे काही नाही.’

(आडनाव नमुन्यादाखल.) शेवटची ओळ अनावश्यक वाटेल, पण तीच सगळ्यात कामाची. गेटवर, एस.टी.त, बाजारात पालक जो शिक्षक दिसेल त्याला विचारतात. त्या शिक्षकाला ‘मला काही माहीत नाही, विज्ञानवाल्यांचं काहीतरी चाललंय’ असं म्हणायची वेळ आली, की कार्यक्रमाचा निम्मा जीव तिथेच गेला. इतिहासाच्या सरांना गुरूचे चंद्र किती हे ठाऊक नसलं तरी चालेल, पण मुलं मैदानावर काय करतायत हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप काढू नका, आहेत तेवढे पुरेत. त्याच कागदाचा फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकला की काम भागतं. त्या ग्रुपवर आणखी एक जबाबदारी मात्र कोणीतरी अंगावर घ्यायला हवी, ती फिरत्या संदेशांची. दर ऑगस्टला ‘आज मंगळ चंद्राएवढा दिसणार’ येतं. मूळ गोष्ट २७ ऑगस्ट २००३ ची. त्या दिवशी मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर होता, फार फार वर्षांत इतका जवळ आला नव्हता, पण तेव्हाही नुसत्या डोळ्यांना तो ठिपकाच दिसला. दिवाळीत ‘नासाने टिपलेला दिव्यांचा भारत’ येतो. ते चित्र अनेक वर्षांतल्या उपग्रह-नोंदी वेगवेगळ्या रंगांत एकत्र करून बनवलेलं आहे, शहरांचे दिवे कसे वाढत गेले ते दाखवायला. हे पाठवणारे बहुतेक वेळा ज्येष्ठ सहकारी असतात. त्यांना ग्रुपवर खोडू नका. मधल्या सुट्टीत चहाच्या वेळी सांगा, ‘सर, तो मेसेज जुना आहे, वर्गात सांगण्यासारखी खरी गोष्ट अशी आहे.’ पुढच्या वेळी ते पाठवण्याआधी तुम्हाला विचारतील.

प्रत्येक विषयाला त्याचा तुकडा

‘सर्वांनी सहकार्य करावं’ या वाक्याने आजवर कोणी सहकार्य केलेलं नाही. नेमकं काम द्या, आणि ते त्या विषयाचंच असू द्या.

मराठी किंवा संस्कृतच्या शिक्षकांकडे महिने द्या. कार्तिक पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांच्या आसपास, मार्गशीर्षातला मृगापाशी, पौषातला पुष्यापाशी, माघातला मघेजवळ. मुलांनी पौर्णिमेला अंगणात उभं राहून पडताळून बघायचं. आणि शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना एक प्रश्न घालायचा : जूनच्या ७-८ तारखेला मृग लागतो म्हणतात, मग जूनमध्ये रात्री मृग नक्षत्र दिसत का नाही? कारण तेव्हा सूर्यच मृगात असतो, ते नक्षत्र दिवसा डोक्यावर असतं. डिसेंबरात ते रात्रभर दिसतं. या एका प्रश्नाने पृथ्वीचं परिभ्रमण जितकं कळतं तितकं आकृतीने कळत नाही.

पी.टी. आणि गणिताच्या शिक्षकांना मिळून सूर्यमाला द्या. प्रमाण घ्यायचं एकास एक हजार कोटी, म्हणजे १ सेंटीमीटर बरोबर १ लाख किलोमीटर. सूर्य होतो १४ सेंटीमीटरचा, बाजारात पपनस मिळालं तर उत्तम. पृथ्वी आणि शुक्र सव्वा मिलिमीटरच्या आसपास : राजगिऱ्याचे दाणे. बुध आणि मंगळ त्याहून बारीक, खसखशीतले लहानात लहान दाणे निवडून घ्या. गुरू १४ मिलिमीटरची गोटी, शनी १२ मिलिमीटरचा, म्हणजे टपोरा काबुली हरभरा. युरेनस-नेपच्यून ५ मिलिमीटरचे, ज्वारीचे टपोरे दाणे. दाणे पुठ्ठ्यावर सेलोटेपने चिकटवा, नाहीतर वाऱ्याने मंगळ उडून जातो.

आता अंतरं. सूर्यापासून बुध ५.८ मीटर, शुक्र १०.८, पृथ्वी १५, मंगळ २३. इथवर मुलं खुशीत असतात. गुरू ७८ मीटरवर, तिथे मैदान संपत येतं. शनी १४३, युरेनस २८७, नेपच्यून ४५०. म्हणजे शाळेचं फाटक ओलांडून रस्त्याला लागावं लागतं, म्हणून या कामाला दोन शिक्षक बरोबर हवेत आणि गावातल्या शाळेला हा प्रयोग शहरातल्यापेक्षा सोपा. गणिताच्या तासाला ही अंतरं मुलांनीच काढून आणायची, तयार तक्ता देऊ नका. पृथ्वीच्या दाण्यापासून चंद्र किती लांब, ते आधी विचारा. वर्ग हात पसरून दाखवेल. उत्तर आहे ३.८ सेंटीमीटर, दोन बोटांची रुंदी. माणूस आजवर इतकाच लांब गेलाय.

वेळ उरला तर एका मुलाला प्रकाश करा. या प्रमाणात प्रकाशाचा वेग सेकंदाला फक्त ३ सेंटीमीटर येतो. पपनसापासून निघून राजगिऱ्याच्या दाण्यापर्यंतचे १५ मीटर त्याने त्याच संथ चालीने जायचं, पाठोपाठ पाय टेकत, आणि बाकीच्यांनी घड्याळ बघायचं. आठ मिनिटं वीस सेकंद. पाचव्या मिनिटाला मुलं कंटाळून आरडाओरडा करतात, आणि सूर्याचा उजेड किती लांबून येतो ते तेव्हा अंगात शिरतं. सगळ्यात जवळचा तारा याच मापाने चार हजार किलोमीटरवर आहे, हे मग शेवटी सांगा.

भूगोलाच्या शिक्षकांकडे सावलीची काठी. तिला वेगळा मथळा हवाच.

दोन शाळा, दोन काठ्या

पृथ्वीचा परीघ मोजायला दुर्बीण लागत नाही, दुसऱ्या शाळेत एक मित्र लागतो. उत्तर-दक्षिण अंतर भरपूर आणि रेखांश जवळजवळ सारखा अशा दोन शाळा हव्यात. आपल्याकडे कोल्हापूर आणि नाशिक ही जोडी छान जमते. कोल्हापूर १६.७ अंशांवर, नाशिक २० अंशांवर, आणि सरळ रेषेत अंतर सुमारे ३६५ किलोमीटर. बदलीने गेलेला सहकारी, बी.एड.ची मैत्रीण, कोणीही चालेल.

दोन्हीकडे एक मीटरची काठी ओळंबा लावून उभी करा. माध्यान्हाच्या आधी पंधरा मिनिटांपासून दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करत जा आणि सगळ्यात आखूड सावली घ्या. इथे एक गोष्ट मुलांना आधीच सांगून ठेवा : माध्यान्ह बारा वाजता नसतो. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आहे. त्यामुळे मुंबईत सूर्य सरासरी १२.३९ ला माथ्यावरची रेषा ओलांडतो, पुण्यात १२.३५ ला, नागपुरात १२.१४ ला, आणि त्यातही वर्षभरात पंधराएक मिनिटांपर्यंत मागेपुढे होतं. २३ सप्टेंबरला कोल्हापूर-नाशिकला तो १२.२५ च्या सुमारास येतो, २१ मार्चला १२.४० च्या.

त्या दोन दिवशी कोल्हापुरात सावली ३० सेंटीमीटर येईल, नाशिकला ३६ च्या थोडी वर. आठवीची मुलं कागदावर प्रमाणात त्रिकोण काढून कोनमापकाने कोन मोजतील, दहावीची टॅन्जंटने काढतील. दोन कोनांतला फरक साधारण ३.३ अंश, म्हणजे पृथ्वीच्या पूर्ण वर्तुळातल्या ३.३ अंशांना ३६५ किलोमीटर. ३६० भागिले ३.३, गुणिले ३६५ : जवळपास ३९,८०० किलोमीटर. ध्रुवांवरून मोजलेला खरा परीघ ४०,००८ च्या आसपास आहे.

इतकं चोख उत्तर पहिल्या खेपेला येणार नाही, आणि न आलेलं बरं. सावलीत एक सेंटीमीटर चुकलं की कोन अर्ध्या अंशाने चुकतो आणि परीघ सहा-सात हजार किलोमीटरने. चूक कुठून येते यावरच पुढचा तास रंगतो. सावलीचं टोक पुसट असतं ही मुख्य अडचण. काठीच्या टोकावर बारीक भोक पाडलेला पुठ्ठा आडवा बसवा, म्हणजे जमिनीवर सूर्याचा उजळ ठिपका पडतो. त्याच्या मध्यापर्यंत मोजा, आणि काठीची उंचीही त्या भोकापर्यंतचीच धरा.

हा प्रयोग समदिनालाच, म्हणजे दिवस-रात्र समान असतानाच, केला पाहिजे असं नाही. दोन्ही शाळांनी एकाच दिवशी केला की पुरे. मे ते ऑगस्टचा पहिला पंधरवडा तेवढा टाळा, कारण तेव्हा सूर्य आपल्या माथ्यावरून उत्तरेला जाऊन परत येतो आणि सावलीच्या दिशेचा घोळ होतो. शून्य सावलीचा दिवस याच काळात असतो : मुंबई-पुण्याला मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. पहिला सुट्टीत जातो, दुसरा ढगांत. मुलांना मेमध्ये घरीच बाटली उभी करून फोटो काढायला सांगा.

रात्रीचा कार्यक्रम

महिना डिसेंबर ते फेब्रुवारी, वार शनिवार. तिथी कशासाठी कार्यक्रम आहे त्यावर. चंद्रावरची विवरं दाखवायची असतील तर शुद्ध पंचमी ते अष्टमी. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. कोजागिरीला दुर्बीण लावायचा मोह सगळ्यांना होतो, पण पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून सपाट, पांढरा आणि डोळ्यांना त्रासदायक दिसतो. दूध प्या, दुर्बीण घरी ठेवा. तारे दाखवायचे असतील तर अमावास्येच्या जवळचा शनिवार. अमावास्येला पोरांना रात्री बाहेर बोलावलं म्हणून एखादी आजी हरकत घेते. पालकसभेत आधी सांगितलं असेल तर तीच आजी नातवाबरोबर येते.

वेळ पावणेसात ते साडेआठ. त्यापुढे ताणू नका, शेवटची एस.टी. चुकते. पालकांचं संमतिपत्र, घ्यायला कोण येणार त्याचं नाव, किमान एक शिक्षिका शेवटपर्यंत, मैदान दिवसा झाडून आणि गवत कापून घेतलेलं, प्रथमोपचार पेटी. टॉर्चला लाल जिलेटिन कागद गुंडाळा. पांढऱ्या उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा दिपतात आणि वीसेक मिनिटं वाया जातात. मोबाइलचंही तेच, आणि हा नियम शिक्षकांनाही लागू.

एका दुर्बिणीमागे चाळीसच्या वर मुलं नकोत, आणि रांगेत उभ्या मुलांना काम हवं. एका शिक्षकाने मृग, रोहिणी, कृत्तिका आणि व्याध दाखवायचे. दुसऱ्याने मुलांकडून मृगाच्या चौकोनात किती तारे दिसतात ते मोजून घ्यायचं, कारण तेवढ्यावरून गावात प्रकाशाचं प्रदूषण किती ते कळतं. दरवर्षी त्याच जागेवरून मोजत गेलात तर शाळेची स्वतःची नोंदवही तयार होते. दुर्बिणीला डोळा लावण्याआधी सांगून टाका की शनी चित्रातल्यासारखा दिसणार नाही, कडीसकट तिळाएवढा दिसेल. न सांगता दाखवलात तर पोरं ‘एवढंच?’ म्हणतात. सांगून दाखवलात तर ओरडतात.

ग्रहण, आणि सूर्याकडे बघणं

२ ऑगस्ट २०२७ ला आफ्रिका-अरबस्तानात खग्रास सूर्यग्रहण आहे. महाराष्ट्रातून ते दुपारनंतर खंडग्रास दिसेल, पाऊस उघडला तर. सोमवार आहे, शाळा भरलेली असेल. त्याची सूचना स्टाफरूमच्या कागदावर जुलैतच हवी, कारण त्या दिवशी मुलांना वर्गात कोंडायचं की मैदानावर न्यायचं, हे मुख्याध्यापकांनी ऐनवेळी ठरवायचं नसतं. प्रमाणित ग्रहण-चष्मे नसतील तर कोणीही वर बघायचं नाही. एक्स-रेची फिल्म, गॉगल, काजळी धरलेली काच यांतलं काहीही चालत नाही. पुठ्ठ्याला भोक पाडून भिंतीवर प्रतिमा घ्या, तीच शंभर मुलांना एकदम दिसते. उपासतापास, शिजवलेलं अन्न यावर स्टाफरूममध्ये वाद घालत बसू नका. ज्याला डबा खायचा नाही तो न खावो, प्रतिमा मात्र सगळ्यांनी बघावी.

रॉकेटच्या उड्डाणाचं थेट प्रक्षेपण दाखवताना एवढंच लक्षात ठेवा, की उड्डाणं पुढे ढकलली जातात. त्या तासाला पर्यायी काम तयार ठेवा आणि नेट एकाच मोबाइलवर अवलंबून ठेवू नका.

युविका आणि कपाटातली प्रमाणपत्रं

इस्रोचा ‘युविका’ हा उन्हाळी कार्यक्रम २०१९ पासून सुरू आहे. नववीत शिकणाऱ्या मुलांसाठी, सुमारे दोन आठवडे, इस्रोच्या केंद्रात राहून, आणि प्रवास व राहण्याचा खर्च इस्रोचाच. अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात. निवडीत आठवीचे गुण, ऑनलाइन प्रश्नमंजूषा, विज्ञान प्रदर्शन, ऑलिंपियाड, खेळ, स्काउट-गाइड किंवा एन.सी.सी. अशा गोष्टी धरल्या जातात, आणि ग्रामीण भागातल्या शाळेला वेगळं महत्त्व दिलं जातं.

ही यादी पुन्हा वाचा. खेळाचं प्रमाणपत्र पी.टी.च्या सरांच्या कपाटात, स्काउटचं दुसऱ्याच मॅडमकडे, प्रदर्शनाचं तालुक्याहून आलेलंच नाही, आणि अर्ज भरायला दिवस उरलेत चार. हुशार मुलं इथे मागे राहतात, विज्ञानात कमी पडतात म्हणून नव्हे. म्हणून आठवीचा निकाल लागला की इच्छुक मुलांची फाइल उघडा आणि प्रत्येक प्रमाणपत्राची प्रत मिळेल तेव्हाच तीत टाका. फाइल लिपिकांकडे असावी, विज्ञान शिक्षकांकडे नको. त्यांची बदली होते, लिपिक सहसा जागेवर असतात.

सहलीचं ठिकाणही दिवाळीआधीच ठरवा, कारण दिवाळीनंतर बस मिळत नाहीत. पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आणि नारायणगावजवळ खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या आसपास लोकांसाठी खुल्या असतात. मुंबईत वरळीचं नेहरू तारांगण आहे, नागपुरात रामन विज्ञान केंद्र. विदर्भ-मराठवाड्यातल्या शाळांनी मात्र लोणार सोडू नये. बेसॉल्ट खडकात उल्कापाताने झालेलं, पावणेदोन किलोमीटरहून रुंद विवर आपल्या बुलढाण्यात आहे, आणि मुलं तिथे जाऊन फक्त देवळांचे फोटो काढून येतात.

दुर्बीण घेणार असाल तर

घाई करू नका. पहिल्या वर्षी १०×५० ची (दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची) द्विनेत्री पुरते. चंद्राची विवरं, गुरूचे चार चंद्र, कृत्तिकांचा पुंजका तिच्यातून दिसतो, आणि सहलीलाही ती उपयोगी पडते. नंतर देणगीदार मिळाला तर सहा इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या बैठकीवर फिरणारी आरशाची दुर्बीण, घ्या. खोक्यावर ‘५२५ पट मोठं दिसेल’ असं छापलेल्या खेळण्यातल्या दुर्बिणीपासून चार हात लांब राहा. प्रतिमेची प्रत भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासावर ठरते, आणि लटपटत्या तिवईवर काहीच दिसत नाही.

पावसाळ्यात भिंगांना बुरशी धरते. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि महिन्यातून एकदा कोरड्या दिवशी उघडून बघणं. दुर्बीण मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवली जाते हे ठीक, पण शनिवारी संध्याकाळी सहा वाजता ते गावी गेलेले असतात. दुसरी किल्ली शिपाईमामांकडे द्या, आणि किल्ली कोणाकडे आहे ते स्टाफरूमच्या कागदावर लिहा.